पहिल्या दहा लिटरनंतर

फ्रिज लेकीने पाठवला होता, आणि तोही दारातूनच गार पाणी देणारा. ‘आईला बाटल्या भरत बसायला नको,’ असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा ग्रंथपाल आणि त्यांची बायको दोघंही तोंडात मूग धरून बसली. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

कारण ओट्यावर उभं होतं. काचेची एक बाटली, तिच्यावर पट्टी चिकटवून केलेली खूण. ग्रंथपाल रोज सकाळी त्या खुणेपर्यंत पाणी भरत. पाऊण लिटर. दिवसभराचं बायकोचं पाणी तेवढंच, चहासुद्धा त्यातलाच. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. लेकीला सातवा महिना होता. ‘बाळ होऊ दे, मग सांगू,’ असं म्हणून बायकोने त्यांच्याकडून वचन घेतलं होतं.

फ्रिजला पाणी जोडायला आलेल्या प्लंबरने सिंकखालचा कॉक बंद केला, पाइपला तीन तोंडांचा टी बसवला, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली आणि बारीक नळी फ्रिजच्या पाठीला जोडली. ग्रंथपाल माहितीपुस्तिका उघडून शेजारी उभे.

‘फार घट्ट करू नये, असं लिहिलंय यात.’

‘काका, पुस्तक वाचून पोहता येतं का?’ प्लंबर वर न बघता म्हणाला.

ग्रंथपालांनी पुस्तिका मिटली आणि लगेच पुन्हा उघडली. पहिलं दहा लिटर पाणी पिऊ नये, ओतून द्यावं, असं पुढच्या पानावर होतं. एवढं मात्र प्लंबरने ऐकलं. तो ग्लास भरायचा, बादलीत उपडा करायचा, पुन्हा भरायचा. बायको स्टुलावर बसून बघत होती. दुपारीच तिची बाटली तळाला गेली होती. बोटभर पाणी तेवढं उरलं होतं. तिने ओठांवरून जीभ फिरवली. ग्रंथपालांनी मान वळवली.

‘काकू, पाणीच आहे हो, अत्तर नाही,’ प्लंबर हसला.

बादली भरली, तोच लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ग्रंथपालांनी फोन बायकोच्या समोर धरला.

‘झालं सुरू? आई, पहिला ग्लास तू प्यायचा. मला बघायचंय.’

प्लंबरने काठोकाठ भरलेला ग्लास बायकोच्या हातात दिला. तिला सर्दी झालीय, एवढं म्हटलं तरी भागलं असतं. जन्मभर पुस्तकांत राहून ग्रंथपालांना एक साधी थाप सुचू नये? भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. तोवर बायकोने ग्लास तोंडाला लावला होता, तो खाली आला रिकामाच. तिच्या चेहऱ्यावर असं सुख त्यांनी पाच महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना धास्ती वाटली.

‘गार आहे?’

‘गार आहे गं.’

‘मग आणखी एक पी ना.’

प्लंबरने दुसरा भरलाच होता. बायकोने हात पुढे केला. ती फोनकडे बघत नव्हती, नवऱ्याकडेही नाही. पहिला ग्लास ती लेकीसाठी प्यायली असेल. हा दुसरा लेकीसाठी नव्हता.

‘नको,’ ग्रंथपाल म्हणाले.

‘काय?’ प्लंबरने विचारलं.

‘तिला चालत नाही. किडन्या गेल्यात तिच्या. दिवसाला पाऊण लिटर, बस.’

लेक स्क्रीनच्या जवळ आली.

‘कधीपासून, बाबा?’

‘पाच महिने झाले.’

फोनवर लेकीचा चेहरा हलला आणि छताचा पंखा दिसू लागला. मागे नुसता श्वास ऐकू येत होता.

‘बाळा, बस जरा. पाणी पी,’ त्यांच्या तोंडून निघून गेलं.

प्लंबरने ग्लास बादलीत ओतला आणि सिंकखाली वाकून नव्या नळीचा कॉक बंद केला.

‘वचन दिलं होतंत,’ बायको म्हणाली.

‘हो.’

‘तिला काही झालं म्हणजे?’

बायको भिंतीला धरून उठली. ओट्यावरची बाटली उचलून तिने आजच्या वाट्याचं उरलेलं बोटभर पाणी सिंकमध्ये ओतलं, बाटली उपडी ठेवली आणि त्यांच्या हातातून फोन घेतला.

‘पंखा काय दाखवतेस?’ ती लेकीला म्हणाली. ‘तोंड दाखव आधी.’