आधी साबण, मग आरती

आगीचा शोध लावून माणूस पशूंपासून वेगळा झाला आणि शीतकपाटाचा शोध लावून निसर्गाचा स्वामी झाला, असं म्हणतात. तेव्हा ज्या यंत्रात आतल्या थंडीसाठी मागे ज्योत पेटवावी लागते, ते यंत्र म्हणजे मानवी बुद्धीचा कळसच मानायला हवा. शुक्रवारी सकाळी हा कळस हेमकांतभाई चौधरींच्या घरात पाय वर करून उभा होता.

डोकं खाली, पाय वर. डोक्याला पोचे पडू नयेत म्हणून खाली जुनी गोधडी.

बांधापलीकडच्या जमनाबाई विरजण मागायला आल्या होत्या. त्या हातातली वाटी विसरून बराच वेळ बघत राहिल्या.

"काय व्हयनं वं सुगंधा? याले चक्कर उनी का?"

"त्याले नही उनी," सुगंधाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "भावेशना बापले उनी."

भावेशचा बाप, म्हणजे हेमकांतभाई, तिथेच वेताच्या मोड्यावर बसले होते. उत्तर द्यावं असं त्यांना वाटलं नाही. नंदुरबारच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर म्हणून एकतीस वर्षं काढल्यावर माणसाला उत्तर न देण्याची सवय होते. रसायनाच्या प्रयोगशाळेत चोवीस गॅसचे नळ होते. ते सकाळी उघडायचे, संध्याकाळी एकेक करून बंद करायचे आणि दर सोमवारी प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावायचं, हे त्यांचं काम. एकतीस वर्षांत तिथे एकही स्फोट झाला नाही. न झालेल्या स्फोटाबद्दल सत्कार करण्याची पद्धत आपल्याकडे नसल्यामुळे निरोपसमारंभात प्राचार्यांनी रसायन विभागप्रमुखांचे आभार मानले आणि हेमकांतभाईंना शाल, श्रीफळ व भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दिवसाला सात मिनिटं मागे पडतं.

निवृत्तीनंतर दोघं तापीकाठच्या आपल्या शेतातल्या घरी राहायला आली. भोवती केळी, पलीकडे ऊस, त्याच्या पलीकडे नदी. वीज होती, पण ती शेतीच्या लाईनीची. एक आठवडा दिवसा आठ तास यायची, दुसरा आठवडा रात्री आठ तास, आणि आली तरी तिच्या मर्जीप्रमाणे कमीजास्त. विजेच्या फ्रिजने तिच्यापायी दोन उन्हाळ्यांत दोन कॉम्प्रेसर जाळून घेतले आणि तो अखेर कपडे ठेवायच्या कामी लागला. सुगंधाबाईंचं इन्सुलिन माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यात जाऊन बसलं. गेल्या मे महिन्यात ते तिथेच नासलं. कुपीवरून काही कळत नव्हतं; कळलं ते सुगंधाबाईंची साखर चारशेच्या वर गेल्यावर. शहाद्याला चार दिवस सलाईनवर काढावे लागले.

मुलगा भावेश सुरतला सातव्या मजल्यावर राहतो. तो तेव्हापासून एकच सांगत होता की आता पुरे, इकडे या. सुगंधाबाई एकदा तिथे दोन महिने राहून आल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी तक्रार अशी काही केली नाही. जमनाबाईंना एवढंच म्हणाल्या की तिथे दार वाजवून विरजण मागायला कुणी येत नाही.

यंदा एप्रिल लागताच भावेशने फोनवर मुदत घातली. रविवारी गाडी घेऊन येतो. इन्सुलिन ठेवायची धड सोय झालेली दिसली तर ठीक, नाहीतर दोघांनी कपडे भरून ठेवायचे. हेमकांतभाई "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने नंदुरबारला गेले.

तिथे अमृतलाल शेठ यांचं मिरचीचं गोदाम आहे. शेठ मिरची विकतात आणि लिलावात जे कुणी घेत नाही ते घेतात. अशाच कुठल्या तरी लिलावातला, गॅसवर चालणारा एक परदेशी फ्रिज गोदामात मिरचीच्या पोत्यांमागे सहा वर्षं आडवा पडून होता.

"सर, वस्तू एक नंबर शे," शेठ म्हणाले. महाविद्यालयात ज्यांना एकतीस वर्षं कुणी सर म्हटलं नाही, त्यांना शेठ पहिल्या भेटीपासून सर म्हणत. "ना लाईट, ना मोटर, ना आवाज. मागं आग लावो, आत बरफ लेवो."

बुधवारी फ्रिज टेम्पोतून आला. सुगंधाबाईंच्या हौसेखातर हेमकांतभाईंनी त्याच दिवशी घाईने ज्योत पेटवली. आयुष्यात घाई त्यांनी ही एवढीच केली. सहा वर्षांची मिरचीची पूड बर्नरमध्ये आणि त्याच्या वरच्या धुराड्यात बसून होती. ती पेटली. दोन मिनिटांत घरातली दोन्ही माणसं अंगणात, मांजर उसात, आणि जमनाबाई बांधावरून खोकत विचारत होत्या की आज एवढी झणझणीत फोडणी कशाला.

गुरुवारी त्यांनी बर्नर काढून जुन्या दातघासणीने साफ केला, धुराड्यातून चिंधी बांधलेली तार वर-खाली फिरवली, आणि पुन्हा पेटवलं. ज्योत ठीक होती. फ्रिजची पाठ छान तापली. आतही छान तापलं. रात्रीपर्यंत आतलं पाणी चहाला चालेल इतपत कोमट झालं.

तेव्हा त्यांनी विसरवाडीच्या मोतीलालला फोन लावला. हायवेवरच्या हॉटेलांचे फ्रिज दुरुस्त करण्यात या मोतीलालचं आयुष्य गेलेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की वस्तू आडवी पडून होती का. सहा वर्षं, असं समजल्यावर त्याने निदान केलं. आतल्या नळ्यांतलं पाणी आणि अमोनिया भलत्याच ठिकाणी जाऊन बसलाय, तो म्हणाला. आग बंद करून एक दिवस उलटा उभा करा, मग सुलटा करून रात्रभर सोडा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बसवताना सपाट जागी बसवा. तिरपा बसला तर जन्मात गार होणार नाही.

म्हणून शुक्रवारी तो कळस डोक्यावर उभा होता. दुपारपर्यंत आसपासच्या शेतांतली सगळी माणसं काही ना काही निमित्ताने येऊन बघून गेली. कुणी तो योगासनं करतोय म्हणालं, कुणी भाई रिटायर झाल्यापासून असेच झालेत म्हणालं. हेमकांतभाईंनी सगळ्यांना पाणी दिलं. संध्याकाळी चौघांना हाताशी घेऊन त्यांनी फ्रिज सुलटा केला.

शनिवारी सकाळी त्यांनी गवंड्याची पाणसळ आणून फरशीवर ठेवली. बुडबुडा दाराच्या उलट दिशेला पळाला. घर बांधताना फरशी धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून गवंड्याने चोख उतार काढला होता, आणि पंचवीस वर्षं सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. हेमकांतभाईंनी फ्रिजच्या पुढच्या दोन पायांखाली शहाबादीचे तुकडे सरकवले, एकाखाली जाड, एकाखाली पातळ. बुडबुडा मधोमध येऊन थांबेपर्यंत दीड तास गेला.

मग सिलिंडर. बुधवारी घाईत तो फ्रिजला खेटूनच ठेवला होता. आता तो त्यांनी बाहेर भिंतीच्या सावलीत उभा केला, भिंतीला भोक पाडून नळी आत घेतली, आणि फ्रिजमागच्या खिडकीची काच चौकटीतून काढूनच टाकली. मांजर आत येईल, असं सुगंधाबाई म्हणाल्या. येऊ दे, ते म्हणाले, हवाही येईल. ज्योत निळी राहिली तर शिस्तीत आहे. पिवळी झाली की तिचा गॅस धड जळत नाही, आणि त्यातून जे सुटतं त्याला ना रंग ना वास. माणूस नुसता झोपतो, तो उठत नाही.

तोवर सुगंधाबाईंनी फ्रिजच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. बुधवारची पीडा आरती न करता पेटवल्यामुळेच झाली, याबद्दल त्यांच्या आणि जमनाबाईंच्या मनात शंका नव्हती. ताटात निरांजन लागलेलं, कापूर ठेवलेला, नारळ तयार. त्या ताट घेऊन फ्रिजच्या दिशेने निघाल्या.

हेमकांतभाई आडवे आले. त्यांनी आडवं येण्याची ही लग्नानंतरची पहिलीच वेळ असावी.

"आधी साबण, मंग आरती."

"देवनं काम शे ते."

"देवले दोन मिनिट थांबता येस. गॅसले येत नही."

त्यांनी सिलिंडर उघडला, वाटीत साबण फेसला आणि नळीच्या पहिल्या सांध्याला बोटाने लावला. काही नाही. दुसऱ्याला लावला. थोडा वेळ तिथेही काही नाही. मग फेसातून एक बुडबुडा वर आला, ज्वारीच्या दाण्याएवढा, फुगून बोराएवढा झाला आणि फुटला. त्याच जागी दुसरा आला.

सुगंधाबाई बघत होत्या. निरांजन बुडबुड्यापासून चार हातांवर होतं. त्यांनी मागे पाऊल घेतलं, अंगण ओलांडून पार बांधापर्यंत गेल्या आणि तिथे फुंकर मारून निरांजन विझवलं. पेटलेली आरती आपल्या हाताने विझवण्याची त्यांचीही पहिलीच वेळ.

हेमकांतभाईंनी सिलिंडर बंद केला, सांधा उघडला, आतली चिरलेली रबरी चकती बदलली, पान्याने आवळला, सिलिंडर उघडून पुन्हा साबण लावला. तीनदा. तिसऱ्यांदा फेस नुसता फेसासारखा वाळून गेला.

सुगंधाबाई दारात उभ्या होत्या.

"हाईच काम व्हतं का तुमनं तठे? एकतीस वरीस?"

"हाईच."

"मंग माले कधी सांगं नही ते."

हेमकांतभाईंनी बोटांचा साबण धोतराला पुसला. "सांगासारखं काही घडनंच नही," ते म्हणाले.

आरती मग रीतसर झाली. जमनाबाईंनी निरांजनाकडे न बघता पूर्ण वेळ सांध्याकडे बघत टाळ्या वाजवल्या. ज्योत पेटली ती निळी, नखाएवढी, अजिबात न हलणारी.

पुढचे चोवीस तास दार उघडायचं नव्हतं. नवीन फ्रिज बघायला येणारा प्रत्येक माणूस आधी त्याचं दार उघडतो, मग घरच्यांची खुशाली विचारतो. म्हणून हेमकांतभाईंनी फ्रिजला बैलाच्या दोराने दोन वेढे दिले आणि शेजारी मोडा टाकून बसले. सुगंधाबाईंनी जेवण तिथेच आणून दिलं. कुणी आलं की त्याच पुढे होऊन सांगत की दार उघडायचं नाही, आत काम चाललंय.

रविवारी दुपारी भावेशची गाडी बांधावर थांबली. डिकी रिकामी करूनच आणली होती. घरात शिरताच त्याला दोरानं बांधलेला, स्वस्तिक काढलेला, पायांखाली शहाबादीचे तुकडे दिलेला फ्रिज दिसला, आणि त्याच्या चेहऱ्यावर आईबापांना आता वेळ न घालवता हलवलं पाहिजे असा भाव आला.

"बापू, माय कपडा भरनी का?"

हेमकांतभाईंनी दोर सोडला. आत पाण्याच्या पेल्यात प्रयोगशाळेचा तापमापक उभा होता. महाविद्यालयाच्या नोंदवहीत हा तापमापक पाच वर्षांपूर्वीच फुटलेला आहे. त्यांनी तो पुसला आणि मुलाच्या हातात दिला.

भावेशने तो उजेडाकडे धरला. फिरवला. पुन्हा धरला. बाहेर चव्वेचाळीस अंश होतं. तापमापक चार म्हणत होता. वरच्या छोट्या कप्प्यातल्या वाटीतल्या पाण्यावर भावेशने नख मारलं, तर टक् असा आवाज आला. मग तो फ्रिजच्या मागे गेला, बराच वेळ ज्योतीकडे वाकून बघत राहिला, बाहेर जाऊन सिलिंडर बघितला, आत येऊन खिडकी बघितली.

"सर," तो बापाला म्हणाला. थट्टेतच म्हणाला, पण म्हणाला. "मानं बुवा तुमले."

हेमकांतभाईंनी इन्सुलिनच्या दोन कुप्या फडक्यातून सोडवल्या, मधल्या कप्प्यात ठेवल्या आणि दार लावलं. बांधावरून जमनाबाई विचारत होत्या की व्हयना का गार. सुगंधाबाईंनी अंगणात जाऊन बर्फाची वाटीच त्यांच्या हातावर उपडी केली. जमनाबाईंना तो हातात धरवेना आणि टाकवेनाही. दुपारभर माणसं आली, प्रत्येकाने दार उघडलं, प्रत्येकाला ते लावायला लावलं गेलं. योगासनंवाला येऊन गार पाणी पिऊन गेला.

उतरत्या दुपारी भावेश जेवायला बसला. सुगंधाबाईंनी घराच्या मागच्या बाजूने ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकर आणून वाढली, ठेचा वाढला, फ्रिजमधलं ताक वाढलं. पदराने धुराने चुरचुरणारे डोळे पुसले आणि दुसरी भाकर आणायला गेल्या. भावेशने भाकरीचा वास घेतला.

"सुरतले अशी भेटत नही, माय. चुलनी चव ती चुलनीच."

"खाय," सुगंधाबाई म्हणाल्या.

घरात स्वयंपाकाला सिलिंडर एकच आहे, आणि तो बुधवारपासून फ्रिजच्या कामी लागला आहे.