अवोन्डेलचं फेरवाटप

कौमुदीबाईंनी पाचव्या झाडावरचा शेवटचा टोमॅटो पिरगळून काढला आणि न बघताच हात मागे केला. तो हिरवागार, लिंबाएवढा टोमॅटो मकरंदरावांनी मुकाट्याने पिशवीत टाकला. ही तिसरी पिशवी होती. जानेवारीतला, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातला रविवार, सकाळचे साडेसहा. अवोन्डेलच्या चर्चमागच्या त्या सामाईक बागेत दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं.

"अगं, पंधरा दिवसांत लाल झाले असते हे," मकरंदराव म्हणाले.

"पंधरा दिवसांनी आपले नसते."

"मेलमध्ये स्वच्छ लिहिलंय की, लावलेलं पीक ज्याचं त्याचं राहील म्हणून. मी स्वतः वाचलंय."

"मीही वाचलंय. असं प्रत्येक फर्मानात लिहिलेलं असतं."

यावर मकरंदराव काय बोलणार? बायकोने एकतीस वर्षं पुण्याच्या कॉलेजात रशियाचा इतिहास शिकवलेला, आणि त्यांनी जन्मभर पंपांची डिझाइनं केलेली. फर्मानांच्या विषयात आपण तोंड घालू नये, हे ते लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. त्यांनी पिशवीला गाठ मारली आणि चौथी उघडली.

बागेत चौदा वाफे होते. गेल्या वर्षी कुंपणापलीकडे तीन मजली टाउनहाउसेस उभी राहिली आणि बागेतले सात वाफे दुपारपासून सावलीत गेले. तिथल्या मिरच्या फुलेनात, मका गुडघ्यावर येऊन थांबला. तेव्हा बागेची व्यवस्था बघणाऱ्या हेमीने सगळ्यांना मेल पाठवली होती. रविवारी दहा वाजता मीटिंग. सगळे वाफे एकत्र धरायचे, चिठ्ठ्या टाकायच्या आणि नव्याने वाटायचे. येताना प्रत्येकाने काहीतरी खायला घेऊन यायचं.

कौमुदीबाईंचा तीन नंबरचा वाफा उजाडल्यापासून मावळेपर्यंत उन्हात असे. म्हणजे चिठ्ठी टाकली की त्यांचं नुकसानच होणार, हे सांगायला गणित लागत नव्हतं.

आणि त्या वाफ्यावर त्यांचा जीव होता. लेकीने, सुखदाने, चार वर्षांपूर्वी दोघांना पुण्याहून इकडे परदेशात आणलं. ती हॉस्पिटलात डॉक्टर, घर मोठं, जावई भला माणूस, कशाला म्हणून कमी नाही. पण त्या घरात चमचे कुठल्या खणात ठेवायचे हे सुखदाने ठरवलेलं होतं, आणि ते बरोबरच होतं, घर तिचं होतं. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद असा हा एक तुकडाच काय तो कौमुदीबाईंचा. जन्मभर शेतीवर बोलल्या आणि मातीत हात घातला तो साठीनंतर. पहिल्या वर्षी मेथी उगवली तेव्हा त्यांनी फोटो काढून जुन्या स्टाफरूमच्या ग्रुपवर टाकला होता, नातीच्या वाढदिवसाचा टाकायच्या आधी.

"कौमुदी! तू काय करते आहेस?"

दोघंही दचकले. फाटकापाशी गालिना उभी होती, पायांत रबरी चपला, इथल्या भाषेत जांडल्स, हातात झारी. गालिना सत्त्याहत्तर वर्षांची. रशियातल्या वोरोनेझकडच्या खेड्यातली, आता मुलीजवळ बागेसमोरच राहणारी. तिचा अकरा नंबरचा वाफा सावलीत गेलेल्या सातांपैकी. तिच्या काकड्यांच्या वेली पिवळ्या पडल्या होत्या आणि तरीही ती रोज सकाळी त्यांना पाणी घालायला येत असे. आजच्या फेरवाटपात ऊन मिळालं तर तिला मिळणार होतं. तिच्यासमोर असं चोरासारखं पकडलं जाणं म्हणजे कौमुदीबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

गालिनाने ओकीबोकी झाडं पाहिली. पिशव्या पाहिल्या. मकरंदरावांकडे पाहिलं, तर ते टाउनहाउसेसची गच्ची अगदी लक्षपूर्वक न्याहाळत होते.

"मीटिंगच्या आधी?" तिने विचारलं.

कौमुदीबाईंनी होकारार्थी मान हलवली. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

गालिना वाफ्याच्या कडेच्या फळीवर बसली आणि हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने, मग डोळ्यांतून पाणी.

"अगदी माझी आजी!" ती म्हणाली. "एकोणीसशे तीस साली आमच्या गावात सांगितलं, आता सगळं सामुदायिक शेतात जाणार. जमीन, नांगर, गाय. आजी म्हणाली, माझी गाय मी देणार नाही. आणि तिने गाय कापली."

"माहीत आहे," कौमुदीबाई हळूच म्हणाल्या. "लाखो जनावरं कापली लोकांनी. मी शिकवायचे ते."

"तू शिकवायचीस. आम्ही खाल्ली. सगळ्या गल्लीने कापली होती, मग विकत कोण घेणार? आठवडाभर नुसतं मांस. माझी आई सहा वर्षांची होती, तिला वाटलं सण आहे. आणि नंतर काय झालं, ठाऊक आहे ना?"

कौमुदीबाईंना ठाऊक होतं. पण ते तारखेसह ठाऊक असणं वेगळं आणि ज्या घरातली गाय गेली तिथल्या माणसाकडून ऐकणं वेगळं.

"नंतर वरून सांगितलं, ठीक आहे, घरटी एक गाय ठेवा," गालिना म्हणाली. "आजीने तर खाऊन टाकली होती! मरेपर्यंत आजोबांना म्हणायची, तुम्ही मला अडवलं का नाही?"

मकरंदराव घसा खाकरून मराठीत म्हणाले, "मी आत्ताच सांगून ठेवतो, मी अडवलं होतं."

कौमुदीबाईंना हसू आलं आणि हसता हसता रडूही. शरम होती, पण नुसती शरम नव्हती. एकतीस वर्षं ज्या लोकांना त्या नकाशावरून दाखवत आल्या होत्या, त्यांतलंच कुणीतरी येऊन शेजारी बसलं होतं आणि त्यांना घरचं म्हणत होतं.

"आता ह्यांचं काय करू?" त्यांनी पिशव्यांकडे बोट दाखवलं.

"अर्धे मी खारवते. अर्धे तू काहीतरी कर. दहा वाजता रिकाम्या हाताने जायचं नाही."

मग गालिनाच्या स्वयंपाकघरात एकच धांदल उडाली. मकरंदरावांना हिंग, मोहरी आणि दाण्याचं कूट आणायला पिटाळलं. गालिनाने भलीमोठी बरणी काढली, तळाशी बडीशेपेसारखी दिसणारी शेपूची सुकी फुलं आणि लसूण घातला, वर टोमॅटो रचले आणि मिठाचं पाणी ओतलं. इकडे कौमुदीबाईंनी पातेलंभर हिरव्या टोमॅटोंची चटणी परतली. फोडणी चुरचुरली तेव्हा गालिनाने खिडकी उघडायला हात पुढे केला, वास घेतला आणि खिडकी तशीच राहू दिली.

दहाच्या मीटिंगला सगळे जमले. लांबट टेबलावर ताटल्या मांडल्या होत्या, पण पाव लावून लावून सगळ्यांत आधी संपली ती चटणी.

"किया ओरा, सगळ्यांना," हेमीने माओरी नमस्काराने सुरुवात केली. मग बोट चाटत म्हणाला, "आधी हे सांगा, हे कशाचं केलंय? हीप्स ऑफ फ्लेवर!"

 गालिनाने कौमुदीबाईंकडे पाहिलं.

कौमुदीबाई उठल्या. पंजाबी ड्रेसच्या गुडघ्यांवर अजून माती होती. "हिरव्या टोमॅटोंचं," त्या म्हणाल्या. "आज सकाळी मी माझ्या वाफ्यातले सगळे कच्चे टोमॅटो तोडले. मला वाटलं, तुम्ही घेऊन टाकाल. मेलमध्ये तसं नव्हतं. तरी तोडले."

 मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मग दरवर्षी तोडत जा," आणि सगळे हसले. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. हेमीने आइस्क्रीमचा रिकामा डबा पुढे ओढला. आत चौदा चिठ्ठ्या होत्या.

"थांब, हेमी," कौमुदीबाई म्हणाल्या. त्या खाली बसल्याच नव्हत्या.

त्यांचा आवाज आपोआप वर्गातला झाला. "चिठ्ठी टाकलीस तर सात जण सुखी होतील आणि सात जण दुःखी. आजही तेच आहे, फक्त माणसं बदलतील. जुन्या रशियातली गावं असं करत नसत. चांगली जमीन असायची, वाईट असायची. ते दोन्हींचे पट्टे पाडायचे आणि प्रत्येक घराला दोन्हींतला पट्टा द्यायचे. आपण प्रत्येक वाफा मधोमध लांबीने कापू. उन्हातला अर्धा आणि सावलीतला अर्धा, प्रत्येकाला दोन्ही. उन्हात टोमॅटो लावा, सावलीत पालक, कोथिंबीर. प्रत्येक वाफ्यात दोन शेजारी."

"आणि ते चालायचं?" हेमीने विचारलं.

इथे कौमुदीबाई अडल्या. एकतीस वर्षं त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं: पट्टापद्धत, शेतीच्या मागासलेपणाचं प्रमुख कारण. खाली दोन रेघा मारून. सरकारने शेतकऱ्यांना एकसंध तुकडे देऊ केले तरी बहुतेक जण गावाच्या पट्ट्यांनाच चिकटून राहिले, का? उत्तर: अज्ञान आणि परंपरा. पाच मार्क. पुढे काही लिहिलं तर त्या मार्क देत नसत.

"पीक कमी यायचं म्हणतात," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. "पण लोक सोडायला तयार नव्हते."

हेमीने डबा हलवला, चिठ्ठ्या सळसळल्या. त्याने सगळ्यांकडे पाहिलं. हात वर होत गेले. "स्वीट अ‍ॅज, झकास," तो म्हणाला. "मग उन्हातल्या सातांनी सावलीतला एकेक जोडीदार चिठ्ठीने काढायचा. कौमुदी, तू पहिली."

कौमुदीबाईंनी डब्यात हात घातला नाही. "अकरा नंबर," त्या म्हणाल्या. "गालिना."

नियमात ते बसत होतं की नाही कोण जाणे, पण हेमीने अकराची चिठ्ठी शोधून काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

त्याच दुपारी दोऱ्या बांधल्या. मोजपट्टी एकच होती, म्हणून गालिना जांडलला जांडल लावत वाफा मोजत चालली आणि म्हणाली की तिच्या गावात झाडाच्या सालीच्या चपलांनी असंच मोजायचे. तीन नंबरच्या वाफ्यात मधोमध खुंट्या ठोकल्या. इकडे कौमुदीबाई, तिकडे गालिना. उन्हातली अर्धी जमीन गेली खरी. रात्री झोपताना कौमुदीबाईंनी मनाला चाचपून पाहिलं, तर दुखत नव्हतं.

दिवस छान गेले. पूर्वी कौमुदीबाई तासाभरात पाणी घालून परत येत. आता दोन तास पुरत नसत. गालिनाला निंदताना बोलायला लागायचं आणि कौमुदीबाईंना विचारायला. कुणाची आई कुठल्या साली कुठे गेली, शेत सामुदायिक झाल्यावर घरामागच्या एवढ्याशा परसात बटाटे कसे निघायचे, सोव्हिएत देशच मोडला त्या वर्षी पगाराऐवजी कारखान्याने काय हातावर ठेवलं. त्यांच्या नोट्समधल्या कितीतरी ओळींना आता तोंडं आली होती, नावं आली होती. कधी कधी दोघी काही न बोलता नुसत्या निंदत, आणि तेही बरं वाटे.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी कौमुदीबाई लवकर आल्या. गालिनाने नव्याने लावलेल्या काकडीने उन्हात असा काही जोर धरला होता की वेल मांडव सोडून दोरीवर रेलला होता आणि मुळांना जागा पुरत नव्हती. कौमुदीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग वाफ्याच्या टोकाची खुंटी उपटली, चार बोटं आपल्या बाजूला सरकवली आणि दगडाने ठोकू लागल्या.

मकरंदराव थर्मास घेऊन फळीवर बसले होते. त्यांच्या घरची शेती साताऱ्याकडची. वडील आणि चुलते वीतभर बांधापायी अकरा वर्षं कोर्टात भांडत होते.

"बांध कोरणारे आमच्या भाऊबंदकीत पुष्कळ पाहिले," ते म्हणाले. "स्वतःच्याच बाजूने कोरणारी आज पहिल्यांदा बघतोय."

"हळू बोला. ती येईल."

ती आलेलीच होती. फाटकापाशी झारी घेऊन उभी होती. कौमुदीबाई दगड हातात धरून तशाच उकिडव्या राहिल्या. दोरी सैल झाली होती, असं काहीतरी म्हणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

गालिना जवळ आली. तिने आपली काकडी पाहिली, खुंटी पाहिली आणि कमरेवर हात ठेवून दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"वाकडी झाली," ती म्हणाली.

मग ती वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिकडची खुंटी उपटून तीही चार बोटं कौमुदीबाईंच्या बाजूला रोवली. आभार नाहीत, नको नको नाही. टाचेने दाबून घट्ट केली आणि दोरी ओढून धरली.

"आता सरळ आहे," ती म्हणाली. "ठोक."

कौमुदीबाईंना आनंदाने हसू आवरेना. त्या दगडाने खुंटी ठोकू लागल्या.