सुभद्राबाईले आठवा महिना

सरकारनं मले फोन दिला तवा ऑफिसात टाळ्या वाजल्या. पावणेसात इंची स्क्रीन. "आता तुमचं सगळं काम बोटावर," साहेब म्हणाले. खरंच होतं त्यांचं. पहिले अंगणवाडीचे अकरा रजिस्टर होते. आता अकरा रजिस्टर आहेत आन् वरून फोन आहे.

हा फोन कमरेच्या बटव्यात मावत नाई. हातात धरला त त्या हाताले दुसरं काम करता येत नाई. म्हून मी त्याले परातीसारखा दोन्ही हातांनी धरून वडनेर भोलजीच्या गल्ल्याइनं फिरते. लेकराचं वजन टाका, उंची टाका, खिचडीचा फोटो टाका, खिचडी खाणाऱ्या लेकराचा फोटो टाका. खिचडी थंडी होते, पण फोटो चांगला येते. घरी आली की हाच फोन आमच्या किसनरावाले पाहिजे. ते त्याच्यावर सोयाबीनचे भाव पाहतात, अक्षरं मोठी करून. भाव काही मोठे होत नाईत, म्हून चिडतात, आन् मले म्हणतात, "मंजुळा, चहा टाक."

मंग वरून हुकूम आला. गरोदर बाईले पोषणाचं पाकीट द्यायचं त आधी तिचा चेहरा फोनले दाखवायचा. पहिल्यांदा नोंदीचा फोटो, मंग दर महिन्याले फोनापुढे उभं राहून डोळे मिचकवायचे. चेहरा जुळला त पाकीट, नाई जुळला त रामराम. जशी काई गावातल्या बायाइले मी ओळखतच नाई. बावीस वर्षांत अर्ध्या गावाच्या नाळी वाळताना पाह्यल्या मी, पण ओळख फोनाची पक्की.

अठ्ठेचाळीस नावं होती. सत्तेचाळीस झाली. रेवती मॅडम, आमच्या सुपरवायझर, दर अर्ध्या घंट्यानं फोन करत, "मंजुळाबाई, शंभर टक्के कधी?" अठ्ठेचाळीसावी होती पूनम, सुभद्राकाकूची सून, तिसरा महिना. मी त्यांच्या ओसरीवर जाऊन फोन उभा केला. सुभद्राकाकूनं सुनेले मागे सारलं.

"पोटुशी बाईचा फोटू काढत नाईत. नजर लागते," काकू म्हणाली. पूनमचं पहिलं लेकरू तिसऱ्याच महिन्यात गेलं होतं, म्हून मले जास्त बोलता येईना. "काकू, फोटू नाई त पाकीट नाई."

"मंग माहा काढ. घर एक, आडनाव एक. सरकारले काय समजते?"

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. शंभर टक्के. मी पूनमच्या नावापुढे काढला काकूचा फोटो. चूक माहीच, कोणाच्या माथी मारत नाई. फोनानं हिरवी टिकली दाखवली, आन् अठ्ठावन्न वर्षांच्या सुभद्राबाईले सरकारदरबारी तिसरा महिना लागला.

सुरुवातीले मजाच वाटली. काकू दर महिन्याले यायची, पदर सावरून उभी राह्यची, दोन्ही डोळे मिचकवायची. फोन विचारे, "लोहाच्या गोळ्या घेतल्या का?" काकू म्हणे, "सांग घेतल्या म्हून." पाकीट घेऊन जायची, अन् त्या पिठाचा शिरा करून सुनेले समोर बसून खाऊ घालायची. एक घास इकडेतिकडे होऊ देत नव्हती. पूनमच्या पोटात दुसरं काहीच टिकत नव्हतं, भात नाई, पोळी नाई. तो शिराच तेवढा टिकायचा. एक्केचाळीस किलोवरून पोरगी शेहेचाळीसवर आली. वजन टाकताना मले बरं वाटायचं.

सातवा सरला आन् काकूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर काळा चष्मा, डोळ्याले धक्का लागू द्यायचा नाई. काकू आली, चष्मा जराक वर केला. फोन म्हणाला, डोळे मिचकवा.

"एकच मिचकवता येते. अर्धं पाकीट देते का म्हणा," काकू म्हणाली.

फोन देत नव्हता. मी पूनमले उभी केली. पोट पुढे, चेहरा उतरलेला. फोन म्हणाला, चेहरा जुळत नाही. जिच्या पोटात लेकरू, तिलेच ओळख नाई. पाकीट माह्यामागे मांडणीवर होतं, हात लांबवला त येते एवढ्या अंतरावर. पण मागे एका बाईले मी चेहऱ्याशिवाय पाकीट देलं होतं त लगेच मेमो आला होता. फोन सरकारचा, हात माहे, नोकरी त्या दोघांच्या मधात.

बारा दिवस असेच गेले. पूनमचं वजन पंचेचाळीसवर आलं, मंग चव्वेचाळीसवर. मी लाजेनं वजनकाट्याकडे पाहत नव्हती. शेवटी मॅडमले सगळं खरं सांगतलं. मॅडम दोन मिनिटं ओरडल्या, मंग आवाज बारीक केला.

"फोटो बदलत नाही मंजुळाबाई. नाव काढावं लागेल. कारणं तीनच आहेत, प्रसूती, स्थलांतर, मयत. प्रसूती टाकली तर बाळाचं वजन मागतं. स्थलांतर टाकलं तर दुसऱ्या गावानं घ्यायला पाहिजे, त्याला महिना जातो. मयत टाका आणि लगेच माहेरच्या नावानं नवी नोंद करा. मी काही सांगितलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराले दोघीइले अंगणवाडीत बोलावलं. पूनमले दाराबाहेर बसवलं, काकूले आत घेतलं. फोन उघडला, पूनमचं नाव शोधलं, आन् माहं बोट थांबलं. वर लिहेल होतं पूनम, खाली मयत. आठव्या महिन्याची पोरगी दाराशी पाय पसरून बसली आहे, आन् मी तिच्या नावापुढे हे दाबू? माह्यानं होईना.

"काय झालं वं?" काकूनं विचारलं. मी फोन लपवत होती, पण एवढा मोठा फोन लपते का कुठी. किसनरावानं अक्षरंही मोठी करून ठेवेल होती. काकू चौथी शिकेल होती. चष्म्याखालून एका डोळ्यानं तिनं वाचलं. मले वाटलं, आता ही माह्या झिंज्या धरते.

मी घाबरत घाबरत सगळं सांगतलं. काकू फोनाच्या अजून जवळ आली.

"नाव हिचं हाय. पण तोंड कोणाचं हाय?"

"तुमचं," मी म्हणाली.

"मंग मरते कोण?"

काकूनं माह्या हाताखालून बोट घातलं आन् दाबलं. फोनानं विचारलं, तुमची खात्री आहे का? तिनं परत दाबलं. मरणाचं कारण विचारलं, मी 'इतर' टाकलं. धन्यवाद, फोन म्हणाला.

काकूनं पूनमले आत बोलावलं, स्वतःच्या हातानं तिचा पदर मागे सारला आन् म्हणाली, "काढ हिचा फोटू. नीट काढ." मी पूनमच्या माहेरच्या नावानं नवी नोंद केली, तिनं डोळे मिचकवले. हिरवी टिकली आली. मी मांडणीवरून पाकीट काढून देलं.

काकूनं ते पाकीट सुनेच्या ओटीत टाकलं.

"घरी चाल, शिरा करते," ती म्हणाली, "आन् आज पोटभर खाय. तुह्यापायी मेली मी."