गुडघ्याचा नवस

वनमालाबाईंनी पहिल्यांदा खरंच सांगितलं होतं, हे आधी ऐकून घ्या. पुढं त्यांच्या नावावर बरंच खोटं लागलं, म्हणून म्हणते.

दिवाळीनंतरचा रविवार होता. रायपूरच्या समता कॉलनीतल्या घरी दुपारच्या जेवणाला आठच्या आठ माणसं बसलेली, भरली वांगी संपत आलेली. वनमालाबाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "दादा, फेब्रुवारीत मी अंदमानले चालली. दहा दिवस. एकटी."

"एकटी?" यशवंतराव म्हणाले. "काहून? आम्ही काय मेलो का?"

झालं! भाचा शिशिर म्हणाला, "चलो, फैमिली ट्रिप!" त्याची बायको राधिका पोरांच्या परीक्षा मोजायला लागली. भाची ईराला समुद्राकाठी फोटो पाहिजे होते, आणि यशवंतरावांना ते काळ्या पाण्याचं जेल जन्मात एकदा पाह्यचंच होतं. दुसरी पोळी संपेपर्यंत दुर्गचे मामाही यादीत आले आणि चिवडा किती लागेल यावर वाद सुरू झाला. मग कोणीतरी यशवंतरावांच्या दुखऱ्या गुडघ्याची आठवण काढली. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की पुढच्या वर्षी पाहू. वांगी आणि भात यांच्या मधल्या मधे अंदमान बुडालं. वहिनी, म्हणजे यशवंतरावांच्या पद्मिनीबाई, एक शब्द बोलल्या नाहीत. त्या भात वाढत होत्या.

आता वनमालाबाईंच्या घरचे लोक वाईट असते तर गोष्ट सोपी होती. तसं नव्हतं, हीच तर पंचाईत. लग्न न केलेली नणंद पंचावन्न वर्षांची होईपर्यंत या घरात मानानं राहिली होती. ताप आला तर चार जण उशाशी. बाजारात निघाल्या तर कोणीतरी चप्पल घालून तयारच. गेल्या तीस वर्षांत त्यांनी एक कप चहा एकटीनं प्यायला असेल तर शपथ! न्हाणीघराची कडी लावली तरी बाहेरून हाक यायची, "आत्या, कितनी देर?"

वनमालाबाई मंत्रालयात नोकरीला होत्या; ते जुन्या इमारतीतून नव्या रायपूरला गेलं तेव्हा हे दुखणं उपटलं. ऑफिसच्या बसमधून त्यांनी पहिल्यांदा तो रस्ता पाहिला. इतका रुंद, इतका लांब, आणि त्यावर कोणी नाही. माणूस नाही, गाय नाही, हाक मारणारं कोणी नाही. बस वळली तरी वनमालाबाई मान वळवून तो रस्ता पाहत राहिल्या. त्यानंतर महिन्याभरात त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अंदमानचं एक चित्र पाहिलं. डोंगरावरून समुद्राकडे उतरणारी जंगलातली वाट, आणि पाठीवर पिशवी घेतलेलं एकच माणूस, पाठमोरं. आपण तिथं असायला पाहिजे, असं त्यांना इतकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. बाजूच्या टेबलावरच्या साहेबांना त्या म्हणाल्या, धूळ गेली.

रविवारी घरच्यांनी अंदमान बुडवलं आणि सोमवारी बाईंनी गुपचूप तिकीट काढलं. तीन फेब्रुवारी, रायपूर ते कोलकाता, पुढं पोर्ट ब्लेअर. निघायच्या आदल्या दिवशी घरी सांगायचं, ऑफिसचं ट्रेनिंग आहे. डायरीच्या मागच्या पानांवर बेत तयार झाला. दोन दिवस जेल आणि म्युझियम. मग बोटीनं नील बेट, तिथला लाटांनी कोरलेला दगडी पूल, ओहोटीच्या वेळेला. मग परत येऊन डोंगर चढायचा आणि जंगलातून थेट समुद्रापर्यंत पायी उतरायचं. प्रत्येक दिवसापुढं 'एकटी' लिहून खाली रेघ मारलेली.

बूटही घेतले. डोंगरात चालायचे, जाड तळव्याचे, पाच नंबरचे. दुकानदार म्हणाला, "मैडम, महीना-दो महीना पहनके घूमो, नहीं तो छाले पड़ेंगे." बूट बाईंनी पेटीत जुन्या स्वेटरांखाली लपवले.

राहिला सराव. पण रायपूर पोळपाटासारखं सपाट, इथं माणसानं चढावं कुठं? विचार करता करता त्यांना ब्राह्मणपारा नावाच्या जुन्या वस्तीजवळच्या एका तळ्याचा घाट आठवला. बेचाळीस पायऱ्या, वर मारोतीचं देऊळ. पाठीवर आठ किलो वजन पाहिजे, म्हणून स्वयंपाकघरातलं तुरीच्या डाळीचं पाच किलोचं न फोडलेलं पाकीट आणि तीन किलो तांदूळ पिशवीत भरले. सकाळी साडेपाचला निघायचं, घाट एकवीस वेळा चढायचा-उतरायचा, आणि घरचे चहाला उठायच्या आत डाळ-तांदूळ जागच्या जागी.

सात दिवस सुखाचे गेले. आठव्या दिवशी देवळापाशी फुलं विकणारी अंजनाबाई टोपली सोडून उठली आणि बाईंच्या पाया पडली.

"बाई, भावाच्या गुडघ्यासाठी इतकं कोण करते वो!"

"काय?" वनमालाबाई धापा टाकत म्हणाल्या.

"लपवू नोका. साऱ्या पाऱ्याले माहीत झालं. पाठीवर धान्य घेऊन एकवीस वेळा घाट! लय कडक नवस बोलल्या तुमी. पण बाई, रागावू नोका, नवसाले जोडे चालत नाही. उतरवा ते."

बाई पाहतच राहिल्या. पण काय सांगणार? पन्नाशी उलटलेली बाई पाठीवर ओझं घेऊन उगाचच पायऱ्या चढते, हे ब्राह्मणपाऱ्यात कोणाला पटलं असतं? त्यांनी बूट काढले. त्या दिवसापासून बूट पेटीत आणि बाई अनवाणी. दुसऱ्या दिवशी मागं दोन बायका होत्या, एकीची कंबर दुखत होती, दुसरीच्या नवऱ्याला मूळव्याध. आठवड्यात सात झाल्या. एकटीनं चालायचा सराव, आणि मागं ही वरात!

बातमी घरी पोचायला वेळ लागला नाही. पद्मिनीबाई दर शनिवारी त्याच मारोतीला जात. शनिवारी वनमालाबाई घरी आल्या तर यशवंतराव ओसरीत काठी धरून उभे, डोळे लाल.

"वनू, माह्यासाठी? या वयात? अनवाणी?"

"दादा, तसं नाही. मी तं..." त्या खरं सांगायला लागल्या होत्या, देवाशपथ.

"विचारू नोका तिले," पद्मिनीबाई मधेच म्हणाल्या. "नवस सांगतला का मोडते. वनमाला, चहा घे."

खरं पोटात परत गेलं, वरून चहा गेला.

आणि आता यशवंतरावांचं ऐका. फिजिओथेरपीवाल्यानं त्यांना सहा महिन्यांपूर्वी व्यायाम लिहून दिले होते. तो कागद फ्रिजवर पडल्या पडल्या पिवळा झाला होता. पण आता त्यांना लाज वाटली. बहीण माझ्यासाठी पायऱ्या चढते आणि मी पाय उचलू नाही? सकाळ-संध्याकाळ ते गादीवर आडवे पडून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायला लागले, मोठ्यानं मोजत, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं.

"आत्या, पापा एक्सरसाइज़ कर रहे हैं!" ईरा म्हणाली. "आपने तो जादू कर दिया."

महिन्याभरात काठी सुटली. जानेवारीत एक दिवस ते पाण्याची टाकी पाहायला स्वतः गच्चीवर गेले, स्वतः उतरले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून ओरडले, "पावला! नवस पावला!"

पेढे वाटले गेले. वनमालाबाईंनी आपला पेढा ईराच्या हातावर ठेवला. भावाला फसवतो आहोत, याची त्यांना लाज वाटायला लागली. तो एकेका शेजाऱ्याला घरात बोलावून गुडघा वाकवून दाखवत होता आणि म्हणत होता, "बहीण असावी तं अशी." एका शनिवारी त्यांनी मारोतीपुढं नारळ फोडला आणि माफी मागितली. देवापुढं ठरवलं, ट्रेनिंगचं खोटं सांगायचं नाही. खरं सांगायचं.

त्याच दुपारी, जेवायला सगळे असताना, त्या म्हणाल्या, "दादा, मी अंदमानले चालली. तीन तारखेले. तिकीट काढलं आहे."

यशवंतरावांचा घास हातातच राहिला. मग त्यांचा चेहरा उजळला. "असं! म्हंजे नवस तिथं फेडाचा आहे! अवं, मग मी बी येतो ना. गुडघा कोणाचा आहे?"

"दादा, मले एकटीले..."

"एकटी काहून? आता तं मी चालून राहिलो! शिशिर, पाह्य रे तिकिटं. सात पाह्य."

शिशिरनं खिशातून फोन काढला. राधिका म्हणाली, पोरांची शाळा दहा दिवस बुडाली तर बुडाली. वनमालाबाईंनी ताट पुढं सरकवलं. दोन महिने पाय सोलून घेतले, आठ किलो डाळ-तांदूळ वाहिले, आणि फळ काय तर तीच वरात! त्यांना इतका राग आला, इतकं रडू आलं, की ओठ दाबून त्या नुसत्या मिठाकडे पाहत बसल्या.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात पद्मिनीबाई आल्या, हातात पळी.

"फोन ठेव रे शिशिर," त्या म्हणाल्या. "नवस बोलली एक जण आन् फेडाले जाते आठ? असं असते का कुठी? देव काय टूर काढून राहिला?"

"पण गुडघा माहा..." यशवंतराव म्हणाले.

"गुडघा तुमचा, नवस तिचा. तुम्ही मधी घुसले आन् उलटा झाला तं? घ्या मग काठी परत."

यशवंतरावांनी टेबलाखाली हळूच गुडघ्यावर हात ठेवला. "पण अंदमानले देव कोणता आहे?"

"समुद्र काय आहे मग? नारळ काहून सोडते त्याले?"

"बरं. पण रोज फोन तं करन ना ती?"

"नवसात फोन नसते. मौन असते. दहा दिवस."

"हव," यशवंतराव म्हणाले. "बरोबर आहे. देवाचं काम आहे."

झालं, एवढंच! तीस वर्षांत बहिणीच्या इच्छेला जे वजन आलं नव्हतं, ते एका नारळाला एका मिनिटात आलं. वनमालाबाईंना हसावं का रडावं कळेना. त्यांनी भात घेतला.

तीन तारखेला रायपूरच्या माना विमानतळावर घरचे सातही जण पोचवायला. दोन गाड्या, चिवड्याचा डबा आणि समुद्रात सोडायचा नारळ, लाल कापडात बांधलेला. वनमालाबाईंनी सकाळी जीव मुठीत धरून पेटीतले बूट काढून घातले होते. आठवडाभरच घातलेले कोरे बूट, आता हे चावणार आणि डोंगर फोडांनीच संपणार. पण घरापासून इथपर्यंत काही नाही. टाच मऊ, बोटं मोकळी, जसे काही वर्षभराचे जुने बूट. दुकानदाराला माल कळत नाही, असं त्या मनात म्हणाल्या.

दाराशी पद्मिनीबाई कुंकू लावायला पुढं आल्या. बाकीचे चार पावलं मागं उभे होते. कुंकू लावता लावता त्यांनी हळूच विचारलं, "बूट चावते?"

"नाही वो वहिनी. नवलच..." आणि वनमालाबाई थांबल्या. पेटीतल्या बुटांबद्दल वहिनीला त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं.

"नवल कायचं? तू हापिसात गेली, हे जेवून घोरत पडले, का मी घालत होती. दोन महिने. जिना चढली, जिना उतरली. पयले आठ दिवस टाचेले फोड आले मले. माहा बी पाचच नंबर आहे."

वनमालाबाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. "तुमाले... कवापासून माहीत आहे?"

"डाळीचं पाकीट रात्री एका कोपऱ्यात असते आन् सकाळी दुसऱ्या. डाळीले घामाचा वास येते का कधी? स्वयंपाकघर माहं आहे, वनमाला."

"मग ते नवसाचं अंजनाबाईले..."

"मीच सांगतलं. जेवताना पाह्यलं होतं ना तुहं काय झालं ते? फिराले चालली म्हटलं तं आठ जण निघते. नवस म्हटलं का आडवं येत नाही कोणी."

वनमालाबाईंना एकदम भरून आलं. इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात दोघी वावरल्या, आणि आपल्याला वाटत होतं की हाका फक्त आपल्यालाच येतात. यांना तर झोपेतही येत असतील. त्यांनी वहिनीचा हात धरला.

"काय गुजगोष्टी चालू आहे?" यशवंतराव मागून ओरडले. "विमान जाईन ना!"

"नारळ शेंडी वर करून सोड म्हणून सांगून राहिली!" पद्मिनीबाई मोठ्यानं म्हणाल्या. मग पुन्हा आवाज खाली आला. "बूट धुवून आणजो. पुढच्या फेब्रुवारीत ते माह्या पायात पाह्यजे. नवस मी बोलीन, घाट मी चढीन. गुडघे मात्र तुहे दुखले पाह्यजे."

वनमालाबाईंनी डोळे पुसले, पिशवी पाठीवर चढवली आणि दाराकडे निघाल्या. चार पावलं नीट गेल्या. पाचव्याला त्या थांबल्या, गुडघ्यावर हात ठेवला, आणि सगळ्यांना दिसेल अशा बेतानं लंगडत लंगडत आत गेल्या.

"अवं पद्मिनी," यशवंतराव घाबरून म्हणाले, "हिचा गुडघा पाह्य!"

"पाह्यला," पद्मिनीबाई म्हणाल्या. "काहीतरी करा लागन."