दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

शिलाईच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला एके काळी दोस्त खर्ज्या म्हणत. शहाऐंशी साली चौघांनी मिळून हेवी मेटलची एक रेकॉर्ड काढली, त्यात बेस गिटार त्याची. रेकॉर्डला काळं कुत्रं विचारेना. उरलेल्या प्रती गायकाच्या तळघरात पाणी शिरून कुजल्या. पुढे एकेक करून तिघंही गेले. बायकोही चार वर्षांपूर्वी गेली. घरी आता टीव्हीशीच काय ते बोलणं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत अनोळखी फोन आला. बाईंचा आवाज वयस्कर होता.

"कव्हरवरच्या नावावरून शोधत शोधत तुमच्यापर्यंत पोचले. आमचे हे क्रेन चालवायचे. कामावरून आले की तुमची रेकॉर्ड लावायचे. मी कानात बोळे घालून बसायचे!" त्या हसल्या. "हे गेले मार्चमध्ये. आता घर खायला उठतं, म्हणून मीच लावते."

त्याने हातातला घास डब्यात ठेवला.

"एक विचारू? दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात मध्येच कुणीतरी हसतं. कोण ते? ह्यांना जन्मभर कोडं होतं."

"आमचा ड्रमर," तो म्हणाला. "काठी हातातून निसटून गायकाच्या टाळक्यात बसली. स्टुडिओची वेळ संपत आलेली, पुन्हा वाजवणार कधी? तसंच ठेवलं."

"अगं बाई! ह्यांना कळायला हवं होतं हे."

"ऐकवता का? माझ्याकडे एकही प्रत नाही."

बाईंनी फोन स्पीकरजवळ धरला. खरखर, गोंगाट, आणि त्यातून ते हसणं आलं, अगदी बावीस वर्षांच्या पोराचं. त्याने डबा बाजूला सारला. "पुन्हा एकदा," म्हणाला. बाईंनी तीनदा लावलं. तिसऱ्यांदा त्याला आपली गिटारही ऐकू आली. एका जागी चुकली होती.

"रेकॉर्ड पाठवू तुम्हाला?"

"नको. तुमच्याकडेच राहू दे."

रविवारी मुलीचा नेहमीचा फोन आला. त्याने सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्ही गिटार वाजवायचात?" तिला खरंच माहीत नव्हतं.

"थोडीफार."

"कधी बोलला नाहीत ते! बरं, ठेवते हं, पाहुणे आलेत दारात."

फोन बंद झाल्यावरही तो बराच वेळ बोटांनी मांडीवर ते गाणं वाजवत बसला. चुकलेली जागा त्याने दोनदा घेतली.