रेघेवरचं टेंगूळ

सेकंदराव हे नाव मेहुण्याने चेष्टेत ठेवलं, आणि ते असं चिकटलं की रागावल्यावर बायकोही त्याच नावाने हाक मारायला लागली. गृहस्थ सरकारी नोकर. दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत हिंडायचे, कुणाचा काटा किती खोटं बोलतो ते शोधायचं, दुरुस्त करून घ्यायचं, शिक्का मारायचा. दुकानदाराने पारड्याखाली अंगठा टेकवला तरी यांना दारातून दिसायचा. नजर अशी तेज, की बाजारात लोक त्यांना टरकून असत. घरी मात्र ही नजर फक्त मागच्या खोलीत चालायची, पण ते पुढे येईलच.

मागच्या खोलीत टेबलावर काड्यापेटीएवढी पत्र्याची एक डबी होती. भंगारात निघालेल्या दूरसंचाराच्या यंत्रातून काढलेली. तिच्यात रात्रंदिवस विजेवर गरम ठेवलेली स्फटिकाची चकती, आणि ही चकती सेकंदाला एक कोटी वेळा थरथरायची. अशा डबीच्या जिवावर घड्याळं चालतात. आता एक कोटी वेळा थरथरते हे खरं, पण प्रत्येक थरथर अगदी सारख्या अंतराने पडेल तर शपथ. एखादी केसभर आधी, एखादी केसभर उशिरा. या केसभर लबाडीला फेज नॉइज म्हणतात, आणि ती मोजणं हा सेकंदरावांचा छंद. ही डबी तशाच दुसऱ्या एका डबीशी ताडून बघायची, कॉम्प्युटर त्यांच्यातल्या फरकाची रेघ काढून देतो. रेघेच्या डाव्या टोकाला सावकाश हेलकावे, उजव्या टोकाला घाईचे. रेघ जितकी खाली तितकी डबी शांत. याचा उपयोग काय, असं मेहुण्याने एकदा विचारलं होतं. सेकंदरावांनी त्याच्याशी महिनाभर अबोला धरला.

या रेघेच्या डाव्या बाजूला एक टेंगूळ होतं. सेकंदाला दोन हेलकाव्यांच्या जागी रेघ सुजल्यासारखी वर यायची आणि परत खाली बसायची. स्फटिक हा भलताच हळवा जीव. खालची जमीन हलली तरी त्याचा ठेका चुकतो, आणि त्यांचं घर जुन्या इमारतीत, फळ्यांच्या जमिनीचं. सेकंदरावांनी संशयितांची रांगच लावली होती: लिफ्ट, कोपऱ्यावर ब्रेक मारणारे ट्रक, वरच्या मजल्यावरचा दोरीच्या उड्या मारणारा पैलवान. आणि बायको.

बायको शेजारच्या खोलीत शिवणकाम करायची. खिडकीशी कापायचं टेबल, भिंतीशी मशीन, दारापाशी इस्त्री. या तिन्हींमध्ये दिवसभर तिच्या येरझाऱ्या. तोंडात टाचण्या, खांद्यावर टेप, आणि चाल, सेकंदाला दोन पावलं, अशी की जिन्यातल्या माणसाला कळावं बाई घरात आहेत.

"अगं, मोजणी चालू आहे, जरा बस ना!" हे आतून ओरडणं वर्षानुवर्षांचं.

"मी बसले तर बाह्या काय तुमची डबी जोडणार?"

पण बसायची. थोडा वेळ काजं-बटणं घेऊन बसायची, मग विसरून उठायची. नीट मोजणीला अख्खा दिवस लागतो, आणि अख्खा दिवस कोण बसणार! टेंगूळ जिथल्या तिथे. सेकंदराव जमिनीला शिव्या घालू लागले की ती मशीन थांबवून म्हणायची, "नाचता येईना, अंगण वाकडं."

मग त्यांनी स्टँड केला. सायकलची ट्यूब अर्धवट फुगवून खाली, तिच्यावर दगडी फरशी, फरशीवर वाळूचा ट्रे, वाळूवर लोकरीत गुंडाळलेली डबी. पहिल्या दिवशी काही फरक नाही. दुसऱ्या आठवड्यात नाही. त्यांनी ट्यूबमधली हवा कमी केली, वाळू बदलली, फरशी जाड आणली. मग एकदा टेंगूळ किंचित बसल्यासारखं वाटलं. पुन्हा हवा सोडली, पुन्हा किंचित बसलं. असं करत करत वर्ष गेलं, वर आणखी काही महिने गेले, आणि एक दिवस रेघ अशी आली की टेंगूळ नाहीच. सपाट.

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, तशी त्यांची गत झाली. जगभरच्या घड्याळवेड्यांचा इंटरनेटवर एक गट होता, तिथे त्यांनी रेघेचं चित्र टाकलं, स्टँडचं माप टाकलं. घरच्या टेबलावर अशी रेघ कुणाचीच येत नव्हती. कुठल्या कुठल्या देशांतून वाहवा आली. सेकंदराव बायकोला एकेक वाचून दाखवत होते आणि ती चाकाच्या खुर्चीत बसून हसत होती.

चाकाची खुर्ची. कुठल्याशा कचेरीच्या लिलावातून तिने ती आणली होती. त्या आधी इस्त्रीचं टेबल दारापासून सरकून मशीनपाशी आलं होतं. मग कापायचं टेबलही आलं. मग कात्री, खडू, टेप यांच्या दोऱ्या मशीनच्या वर खिळ्याला लटकल्या, कापडाचे गठ्ठे पायाशी आले. सेकंदराव हे बघत नव्हते असं नाही. उलट कौतुक केलं त्यांनी.

"आता कसं! सगळं हाताशी."

"हो ना," ती म्हणाली, "उठायलाच नको."

संपलं. यावर ते परत आत गेले आणि ट्यूबची हवा सोडत बसले. तिच्या उजव्या पायातली चप्पल वाटेत गळून पडलेली असायची, ती ते उचलून आणून द्यायचे आणि म्हणायचे, मोठ्या मापाची घेतलीस. पारड्याखालचा अंगठा दारातून ओळखणारा माणूस! त्यांचा राग येतो, पण रागावून तरी काय करायचं. घराघरांतून आपण सगळे असेच बसलेले असतो.

मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, याच छंदाचे, याच गावातले. त्यांच्याकडे यांच्यापेक्षा चांगल्या दोन डब्या होत्या आणि टेंगूळही चांगलं मोठं होतं. त्यांनी स्टँड आठवड्यासाठी उसना नेला. परत आणला तो दोन्ही हातांनी कवटाळून, धापा टाकत, आणि आल्या आल्या टेबलाखाली आदळला.

"सेकंदराव, हे नुसतं वाळूचं घमेलं आहे. माझं टेंगूळ जागचं हललं नाही."

"हवा जास्त भरली असेल तुम्ही."

"हवा तुम्ही खूण केली तेवढीच. बरं, ते सोडा. हा आठवडाभर तुमची डबी स्टँडशिवाय नुसत्या टेबलावर आहे ना? रेघ काढलीत?"

काढली नव्हती. स्टँड नाही तर काढायची कशाला? पण मास्तरांनी हट्टच धरला, म्हणून सेकंदरावांनी तासाभराची कच्ची मोजणी लावली, मनातून जरा चिडूनच. भर दुपार होती. खाली ट्रक जात होते, वर पैलवान उड्या मारत होता, पलीकडे मशीनची घरघर चालू होती. दोघं पडद्याकडे बघत बसले. रेघ हळूहळू उमटली.

टेंगूळ नव्हतं.

"बघा," मास्तर म्हणाले, "म्हणजे स्टँडने गेलंच नाही ते. ट्रक आहेत, पैलवान आहे. मग घरात बदललं काय?"

सेकंदराव फ्रिजचं काहीतरी बोलायला लागले. पलीकडे मशीन मघाशीच थांबलं होतं, खुर्चीची चाकं स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली होती; तेवढ्यात बायकोचा आवाज आला, "मास्तर, चहा ओतून ठेवलाय. तेवढा ओट्यावरून तुम्हीच घेता का?"

पंधरा-वीस वर्षं मास्तर या घरी येत होते. पाहुण्याला स्वतःच्या हाताने पाणी घेऊ द्यायची नाही ही बाई. सेकंदरावांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर खाली बघत होते.

सेकंदराव उठून शेजारच्या खोलीत गेले आणि दारात उभे राहिले.

"अगं, जरा चालून दाखव बघू."

"अगंबाई!" ती हसली. "सूर्य कुठे उगवला आज? जन्मभर बस बस करत होतात."

"चाल ना."

तिने टेबलाची कड धरली, मग मशीनचं डोकं धरलं, आणि उभी राहिली. उजवा पाय तिने उचलला नाही, ओढला. तीन पावलांवर भिंत धरली. चप्पल मागे राहिली होती आणि तळव्यात एक टाचणी डोक्यापर्यंत रुतलेली होती. सेकंदरावांनी गुडघे टेकून ती उपटून काढली, रक्त आलं. ती वरून विचारत होती, "काय करताय तिथे?"

मास्तर चहा न घेताच कधी निघून गेले ते कळलं नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणायचात ना, बसत जा. म्हटलं, बसून बसून आखडले असतील." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि तुमची रेघ इतकी छान यायला लागली होती. कशाला मध्ये कटकट."

पुढचं सगळं भराभर झालं. मानेच्या खाली, मज्जारज्जूच्या आत गाठ निघाली. सर्जन बाई वयाने त्यांची मुलगी शोभावी अशी, पण बोलणं तोलून मापून. चालण्यात फरक कधी पडला, असं तिने विचारलं.

"यंदाच," बायको म्हणाली.

"नाही," सेकंदराव म्हणाले. "गेल्या वर्षाच्याही आधी. आधी थोडा, मग दर महिन्याला जास्त."

सर्जनने त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही बघत होतात, आणि आणलं नाहीत?"

"बघत नव्हतो," ते म्हणाले. "मोजत होतो."

सर्जनला ते कळलं नाही.

ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली नाही. बाहेरच्या बाकावर सर्जन त्यांच्या शेजारी येऊन बसली तेव्हाच त्यांना कळलं, कारण चांगली बातमी डॉक्टर उभ्याने सांगतात. पाय आता परत येणार नाहीत, ती म्हणाली. हात चांगले आहेत, ते जपायचे. कप धरणं, बटण लावणं, यावर लक्ष ठेवा. आणि हात जायला लागले, तर गाठ वर सरकली समजा, आणि तिथे पुन्हा कापायला मला जागा नाही. तरी कळवा.

"लवकर आणलं असतं तर?"

"आता त्यात नको शिरायला," ती म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उठून गेली.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. सेकंदरावांनी झोपासुद्धा कसला केला! खाट पुढच्या खोलीत आणली, आणि मागच्या खोलीतली डबीची तार भिंतीतून ओढून काढली. ती डबी कित्येक वर्षं अखंड गरम होती, बंद पडली की पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. त्यांनी ती हातात धरून गार होऊ दिली. वाटलं होतं की काहीतरी वाटेल. काहीच वाटलं नाही. पश्चात्ताप म्हणावा तर तो रडल्यावर हलका होतो, हा होत नव्हता. सकाळी तिला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चादर बदलायची, पाय सरळ करायचे. पाय त्यांच्या हातात यायचे आणि ती दुसरीकडेच बघत असायची. एकदा त्यांनी तिथेच, पाय हातात धरून, "मला माफ कर" म्हटलं. ती म्हणाली, "आधी पाय खाली ठेवा, गार लागतंय." मग तिच्या लक्षात आलं की गार लागणं शक्यच नाही, आणि त्यांनी पाय खाली ठेवून वर चादर ओढली.

शिवण तिने सोडली नाही. पाठीशी उशा लावून हातशिलाई करायची. बटणं, काजं, काठ दुमडणं. सुईत दोरा ओवताना सेकंदराव तिच्या बोटांकडे बघत राहायचे. "असे बघू नका हो," ती म्हणायची, "मी काय वजनकाटा आहे?"

गटावर मात्र कल्ला चालू होता. लोकांनी ट्यूब आणली, वाळू आणली, स्टँड केले. कुणाचंच टेंगूळ जाईना. खरी युक्ती काय, सांगत का नाही, असं विचारणारे रोज वाढत होते, एकाने तर लबाड म्हटलं. तिने एकदा विचारलंच, की फोन सारखा वाजतोय कशाला. त्यांनी सांगितलं.

"मग काय लिहिलंत?"

"स्टँड निकामी आहे, म्हणून."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं काय लिहायचं जगाला?"

"का गेलं ते लिहा." ती सुई कापडात खोचून थांबली. "आणखी कुणाची रेघ अशी आपोआप साफ होत असेल, तर त्याने आधी उठून शेजारच्या खोलीत बघावं. लिहा. मी सांगते म्हणून लिहा."

त्यांनी लिहिलं. चार ओळी लिहायला दुपार गेली. जमिनीवरून कोण चालायचं, कोण चालेनासं झालं, आणि मी ते माझं कर्तृत्व समजलो. शेवटी त्यांनी आपलं खरं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं उत्तर आलं. तिची वेणी घालून झाल्यावर त्यांनी ते उघडलं आणि मोठ्याने वाचलं, कारण आता तिच्यापासून काही लपवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

"ऐकून फार वाईट वाटलं. वाळू कुठल्या जाडीची वापरली होती?"

त्यांनी फोन खाली ठेवला. मग ती हसली. हॉस्पिटलातून आल्यावर पहिल्यांदा अशी खळखळून, उशा घसरेपर्यंत. "सांगा बिचाऱ्याला," ती म्हणाली, "चाळून घेतली होती म्हणावं!" तेही हसले. त्यांना वाटलं, एवढं तरी राहिलं आहे, हे हसणं तरी आपल्याला राहिलं आहे. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, गालावरून कानाकडे उतरलं, आणि तिने ते पुसलं नाही.

"अहो, पुसा ना जरा," ती म्हणाली, अजून हसतच.

पदर तिच्या उजव्या हाताखालीच होता. त्या हाताची बोटं चादरीवर थोडी हलली, हात उचलला गेला नाही.

या वेळी सेकंदरावांच्या ताबडतोब लक्षात आलं. ते खाटेवर तिच्याजवळ बसले, तिचे डोळे पुसले, आणि हात हातात घेऊन नुसते बसून राहिले, कारण करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.