उजेड मोजणारी मलमल

मी एक जुना मलमलीचा तुकडा आहे. जाडजूड चादरींच्या आमच्या सोलापुरात माझ्यासारख्या झिरझिरीत कापडाला कोण विचारतो? सोमशेखर अज्जांनी हौसेने मला मागावर विणले, तेव्हा शेजारी हसले होते. "कापड हाय का चाळणी?" अज्जा विणतच राहिले. पुढे माग बंद पडला आणि मी त्यांच्या चष्म्याच्या काचा पुसू लागलो. मित्रांनो, तेव्हा मला फार वाईट वाटे.

मग एके दिवशी त्यांची नात उत्कर्षा हिने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मला मागून घेतले. तिने मला चौकटीत ताणून बसवले आणि माझ्यावर लेसरचा लाल झोत सोडला. पलीकडच्या भिंतीवर लाल ठिपक्यांच्या उभ्या-आडव्या रांगा उमटल्या. मला आभाळ ठेंगणे झाले.

उजेड म्हणजे लाटा, मित्रांनो. तळ्यातल्या लाटांसारखा तो माझ्या धाग्यांमधल्या फटींतून पसरतो. लाटेच्या उंचवट्याला उंचवटा भेटला की ठिपका उजळतो, उंचवट्याला खळगा भेटला की अंधार. एका धाग्यापासून पुढच्या धाग्यापर्यंतचे अंतर घ्या, त्याला दोन ठिपक्यांमधल्या अंतराने गुणा आणि भिंत जितकी दूर तितक्याने भागा. लाटेची लांबी हातात येते. जाड चादरीला हे जन्मात जमायचे नाही.

इंचात किती धागे ते अज्जांना विचारून उत्कर्षाने माझ्या धाग्यांमधले अंतर काढले, पण तिचे उत्तर लेसरवर छापलेल्या लांबीच्या निम्मेच आले. पुन्हा मोजले, तरी निम्मेच. परीक्षक यायच्या बेतात होते. विज्ञानाच्या दाक्षायणीबाई म्हणाल्या, "उत्तर जुळत नसेल तर प्रयोग मांडता येणार नाही, उत्कर्षा." अज्जा मुद्दाम बघायला आले होते. त्यांची मान खाली गेली. माझ्या विणीतच खोट आहे असे त्यांना वाटले असावे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"अज्जा, इंचातले धागे तुमी कसे मोजले?" उत्कर्षाने विचारले.

"उभे-आडवे दोनी मिळून. धंद्यात तसंच सांगत्यात की."

तिने कपाळावर हात मारला. "हितं एकाच बाजूचे धरायचे असतात, अज्जा."

उभे आणि आडवे धागे सारखेच होते. आकडा निम्मा धरताच त्यांच्यातले अंतर दुप्पट झाले आणि उत्तर जुळले. वीण चोख होती.

परीक्षकांनी मला निरखून पाहिले. "ही जाळी कुठून मागवली?"

"मागवली न्हाय, सर. माझ्या अज्जांनी विणलीय."

अज्जा उठून भिंतीपाशी गेले. ठिपक्यांवरून सावकाश बोट फिरवत म्हणाले, "एक बी रांग वाकडी न्हाय."

मित्रांनो, आता मी त्या चौकटीतच असतो. मला जरूर बघा, पण बोटाने ओढू नका, धुतलेच तर पिळू नका. माझे धागे सरकले तर भिंतीवरच्या रांगा बिघडतील, आणि बोल लागेल तो अज्जांच्या हाताला.